अभिजात मोटारगाडीचे पुनर्रंगकाम

अभिजात मोटारगाडीचे पुनर्रंगकाम म्हणजे जतनयोग्य जुन्या मोटारगाडीच्या बाह्यांगावरील जीर्ण रंग अंशतः वा पूर्णतः काढून, खालचा पत्रा दुरुस्त करून तिला नव्याने रंग देण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रातील गॅरेजांत या कामाला ‘डेंटिंग-पेंटिंग’ असे म्हणतात. नावातच डेंटिंग आधी आणि पेंटिंग नंतर येते, आणि खर्चाचा क्रमही तोच असतो. जुन्या स्पोर्ट्स कारला रंग देणे महाग पडते ते रंग महाग असतो म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात एकूण खर्चाचा मोठा भाग गाडी सुटी करणे, जुना रंग उतरवणे, गंजलेला पत्रा बदलणे आणि पृष्ठभाग घासून सपाट करणे या श्रमांचा असतो. डब्यातील रंगाची किंमत त्या मानाने कमी असते.

व्याख्या

कोणत्या गाडीला अभिजात म्हणावे याचे निकष वेगवेगळे आहेत. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ हा किमान ३० वर्षे जुने, इतिहासाशी सुसंगत स्थितीत राखलेले आणि रोजच्या प्रवासासाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक मानतो. भारतात २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ‘व्हिंटेज’ वाहनासाठी ५० वर्षांची अट आहे. शिवाय वाहनाची सांगाडाचौकट, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. रंग देणे हा असा फेरफार नव्हे. मात्र रंगाच्या निमित्ताने बॉडीचा आकारच बदलला, तर या तरतुदीचा लाभ मिळण्यात अडचण येऊ शकते.

रंगद्रव्यांची वाटचाल

गाडीवर मूळचा रंग कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून या द्रव्यांचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगवल्या जात. कुंचल्याने तेलरंगाचे आणि व्हार्निशचे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा आणि पुन्हा दुसरा द्यायचा, असे आठवडेच्या आठवडे चाले. फोर्ड कंपनीचे ‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला, तो फवारणीने देता येऊ लागला आणि रंगीत मोटारींचे युग सुरू झाले. कंपनीचे हे व्यापारनाम भारतीय रंगाऱ्यांच्या तोंडी इतके रुळले, की आजही कोणत्याही सेल्युलोज फवाऱ्याला ‘ड्युको मारणे’ असेच म्हटले जाते.

नायट्रोसेल्युलोज रंगातील द्रावक उडून गेला की थर वाळतो, पण थिनर लागताच तो पुन्हा विरघळतो. त्यामुळे त्याची डागडुजी सोपी असते आणि घासून त्याला खोल झळाळी आणता येते. मात्र थर पातळ बसतो, अनेक हात द्यावे लागतात आणि कालांतराने रंगाला बारीक तडे जातात. पुढे अल्किड एनॅमल, ॲक्रिलिक आणि अखेर हार्डनर मिसळून रासायनिक क्रियेने कठीण होणारा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग आला. गॅरेजांत त्याला ‘पी.यू.’ किंवा ‘टू-के’ म्हणतात. आजच्या बहुतेक गाड्यांवर आधी पातळ रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट अशी दुहेरी रचना असते.

जुना थर ओळखण्याची गॅरेजातील रीत सोपी आहे. थिनरमध्ये बुडवलेला कापूस डिकीच्या आतील कोपऱ्यात घासतात. रंग कापसावर उतरला तर तो सेल्युलोज किंवा ॲक्रिलिक लॅकर, सुरकुतला तर एनॅमल आणि काहीच झाले नाही तर टू-के समजावा. एनॅमलवर थेट ड्युको मारल्यास त्यातील तीव्र द्रावक खालचा थर उचलतो आणि केलेले सारे काम खरवडून टाकावे लागते.

कामाचे टप्पे

उत्तम पुनर्रंगकामात काचा, रबरी पट्ट्या, दिवे, बंपर, कडांच्या चकचकीत पट्ट्या, आसने आणि शक्य असल्यास इंजिनही काढले जाते. कागद आणि मास्किंग टेप चिकटवून काच न काढता रंग दिला तर पैसे वाचतात. परंतु काही वर्षांतच रबराच्या कडेने रंगाची साल निघू लागते आणि त्याच फटीतून पाणी आत शिरते. सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधून, छायाचित्रे काढून ते ठेवणे हा टप्पा कंटाळवाणा वाटतो. जुन्या गाडीचा हरवलेला एखादा खटका मिळवण्यास कधी वर्षही लागते, हे लक्षात घेता त्यावर खर्च केलेला वेळ वाया जात नाही.

त्यानंतर रंग उतरवतात. त्यासाठी रासायनिक रिमूव्हर, पॉलिश पेपर किंवा दाबाने सोडलेल्या कणांचा मारा, हे तीन मार्ग आहेत. वाळूचा मारा जाड चौकटीला चालतो, पण बॉनेट किंवा दाराच्या सपाट पत्र्यावर तो केल्यास पत्रा ताणला जाऊन लाटेसारखा वाकतो. उघडा झालेला पत्रा काही तासांतच गंज धरू लागतो, म्हणून शक्यतो त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर दिला जातो.

पत्र्याचे काम हा या साऱ्या प्रक्रियेचा गाभा होय. कुशल डेंटर एका हाताने आतून लोखंडी डॉली धरतो, दुसऱ्या हाताने बाहेरून हातोडी चालवतो आणि डोळ्यांपेक्षा तळहाताने पत्रा ‘वाचतो’. गंजून जाळी झालेला भाग कापून तेथे त्याच जाडीचा नवा पत्रा जोडावा लागतो. दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि पुढच्या काचेखालची खाच या चार जागी गंज हमखास सापडतो. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीपासून परदेशी स्पोर्ट्स कारपर्यंत याला फारसा अपवाद नाही. गंजावर पुट्टी भरून वरून रंग देणे ही या व्यवसायातील सर्वांत प्रचलित फसवणूक आहे. पॉलिएस्टर पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरहून जाड असू नये. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लोखंडी पत्र्यावर फिरवले असता जेथे पकड सैल होते, तेथे पुट्टी जाड आहे हे खरेदीदारालाही कळते.

पुट्टीनंतर भरणारा प्रायमर, त्यावर काळ्या रंगाची विरळ धूळ आणि लाकडी वा रबरी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पेपरने घासाई असा क्रम असतो. घासल्यावर जेथे काळे ठिपके उरतात तेथे खळगा आहे, असे समजून पुन्हा भरायचे आणि पुन्हा घासायचे. आधी ८० क्रमांकाचा जाडाभरडा पेपर, मग १८०, ३२०, ६०० अशी चढती भाजणी असते. रंग आणि क्लिअर कोट यांची प्रत्यक्ष फवारणी सहसा एका दिवसात उरकते. अखेरीस १५०० ते २००० क्रमांकाच्या पाणीपेपरने घासून रबिंग कंपाउंडने झळाळी आणली जाते.

खर्चाचा हिशेब

रंग किती लागतो हे साध्या गणिताने काढता येते. लहान दोन आसनी गाडीचा रंगवायचा पृष्ठभाग, दारांच्या आतील कडा धरून, १५ चौरस मीटर मानू. क्लिअर कोटचा वाळलेला थर ५० मायक्रॉन हवा असेल, तर वाळलेल्या थराचे घनफळ ०.७५ लिटर होते. फवारणीयोग्य द्रव्यात घन अंश ४० टक्के धरल्यास गाडीवर सुमारे १.९ लिटर द्रव्य पोहोचले पाहिजे. परंतु गनमधून निघालेले सर्व द्रव्य पत्र्यावर बसत नाही. जुन्या पद्धतीच्या उच्च दाबाच्या गनमध्ये जेमतेम ३० टक्के बसते, म्हणजे सव्वासहा लिटर लागते. कमी दाबाच्या आधुनिक गनमध्ये ६५ टक्के बसते आणि २.९ लिटरमध्ये काम भागते. उरलेले द्रव्य हवेत, जमिनीवर आणि रंगाऱ्याच्या फुप्फुसात जाते.

मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण पुढील उदाहरणावरून लक्षात येईल. यातील रकमा केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरल्या आहेत. समजा, रंग, प्रायमर, क्लिअर, पेपर इत्यादी साहित्य ३५,००० रुपयांचे आहे आणि २४० तासांचे काम ताशी ३०० रुपये दराने ७२,००० रुपयांचे आहे. १८ टक्के वस्तू व सेवा करासह बिल १,२६,२६० रुपये होते. मालकाने घासाघीस करून २५ टक्के स्वस्त साहित्य घेतले, तर १०,३२५ रुपये वाचतात. याउलट रंग उतरवल्यावर दोन्ही दारांखाली गंज निघाला आणि ८० तासांचे काम वाढले, तर बिल २८,३२० रुपयांनी चढून १,५४,५८० रुपयांवर जाते. यामुळेच अनुभवी कारागीर रंग उतरवण्यापूर्वी ठोक रक्कम सांगत नाही. रंग उतरवण्याचा दर वेगळा आणि उघडा पत्रा पाहून पुढचा अंदाज वेगळा, अशी दोन टप्प्यांतील बोली दोघांच्याही हिताची असते. पहिल्याच भेटीत छातीठोकपणे एकच आकडा सांगणाऱ्याने एकतर गंज गृहीत धरून रक्कम वाढवलेली असते किंवा तो गंज झाकण्याचे मनात धरलेले असते.

गाडीची घडण हाही खर्चाचा घटक आहे. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचे बॉनेट दोन्ही मडगार्डांसह एकसंध उचलले जाते. ते सरळ बसवण्यातच कारागिराची कसोटी लागते. त्याच कंपनीच्या एक्सके १२० या गाडीच्या पहिल्या सुमारे २४० नगांची बॉडी ॲल्युमिनियमची होती. ॲल्युमिनियम मऊ असते, त्याला वेगळा प्रायमर लागतो आणि पोलादाशी सांधा असेल तेथे ते झिजत जाते.

रंगाची छटा श्रम वाढवते वा घटवते. काळा आणि गडद निळा प्रत्येक खळगा दाखवतात. लाल रंगाची झाकण्याची शक्ती कमी असल्याने जास्त हात द्यावे लागतात. धातूच्या कणांचा ‘मेटॅलिक’ रंग असेल तर हाताचा वेग, दाब आणि अंतर सर्व गाडीभर सारखे राहावे लागते, अन्यथा दार एका छटेचे आणि मडगार्ड दुसऱ्या छटेचे दिसते. मूळ छटा जुळवण्यासाठी कंपनीच्या पाटीवरील रंगक्रमांक पाहतात. पाटी नसल्यास ऊन न लागलेला नमुना डॅशबोर्डमागे किंवा आतील पॅनेलखाली मिळतो.

अहमदनगर जिल्ह्यातील परिस्थिती

अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. कोरड्या हवेमुळे येथील जुन्या गाड्यांचे तळ मुंबई-कोकणातील गाड्यांच्या मानाने कमी गंजलेले आढळतात आणि पत्राकामाचा खर्च त्या प्रमाणात उतरतो. अकोले तालुक्यातील भंडारदरा-घाटघर परिसर मात्र अतिवृष्टीचा आहे. तेथे वापरलेल्या गाडीला हा नियम लागू पडत नाही. मुंबईहून आणलेली गाडी नगरला कितीही वर्षे उभी राहिली तरी तिच्या दुहेरी पत्र्याच्या आत समुद्राच्या हवेने सुरू केलेला गंज वाढतच असतो.

कोरडेपणाची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास गेला की गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच अर्धवट वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. अशा वेळी सावकाश उडणारा थिनर वापरतात आणि फवारणी पहाटे करतात. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारतात. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते. दमट हवेत सेल्युलोज रंगावर पांढुरकी झाक चढते. बंदिस्त बूथ नसलेल्या छोट्या गॅरेजांसाठी दिवाळीनंतरचे तीन-चार महिने सर्वांत अनुकूल असतात.

या जिल्ह्यात स्पोर्ट्स कारपेक्षा जुन्या जीपचे पुनर्रंगकाम अधिक ओळखीचे आहे. नगर हे चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय, यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आणि वाहननगर येथील लष्करी वाहन संशोधन संस्था यांचे ठाणे आहे. सैन्याने सेवेतून काढलेल्या जीप किंवा जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या जोंगा लिलावातून नागरिकांकडे येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य वाहनांना ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. त्यामुळे अशा गाडीचा मूळ रंग कितीही प्रिय असला तरी तो बदलणे भाग असते. जतनाचा आग्रह आणि कायद्याची अट यांचा असा थेट सामना अन्य गाड्यांच्या बाबतीत क्वचितच होतो.

रंगाची चमक खर्च कसा वाढवते हे पाहण्यासाठी नगरचे रणगाडा संग्रहालय उपयोगी पडते. चिलखती दल केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात सुमारे ५० वाहने असून त्यांत रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटारही आहे. लष्करी रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असतो, जेणेकरून ऊन परावर्तित होऊन वाहन दुरून दिसू नये. निस्तेज थरावर पत्र्याची लाट दिसत नाही, म्हणून शेवटच्या घासाईचे आणि पॉलिशचे श्रम वाचतात. तीच सिल्व्हर घोस्ट प्रवासी मोटार म्हणून झळाळत्या रंगात सिद्ध करायची म्हटली, तर एकाच जातीच्या सांगाड्यावर कितीतरी पट काम करावे लागेल.

फायबरच्या बॉडीची गाडी

मराठी मुलखाच्या शेजारी तयार झालेली स्पोर्ट्स कार म्हणून गोव्यात बनलेल्या ‘सॅन स्टॉर्म’चा उल्लेख करावा लागतो. १९९८ मध्ये आलेल्या या दोन आसनी, उघड्या छताच्या गाडीची बॉडी काचतंतूयुक्त प्लॅस्टिकची आणि इंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे होते. ती फार थोड्या संख्येने तयार झाली. फिवाच्या ३० वर्षांच्या निकषास ती २०२८ पासून पात्र ठरू लागेल. भारतीय नियमातील ५० वर्षांना अजून बराच अवकाश आहे.

फायबरला गंज लागत नाही, म्हणून तिचे रंगकाम स्वस्त पडेल असे वाटते. तसे होत नाही. वरच्या जेलकोटला पडलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे नुसत्या प्रायमरने झाकले, तर काही महिन्यांत पुन्हा वर उमटतात. ते मुळापर्यंत घासून काचतंतू व रेझिन यांनी भरावे लागतात. तीव्र रासायनिक रिमूव्हर रेझिनलाच खातो, त्यामुळे जुना रंग हातानेच घासून काढावा लागतो. रंग भाजण्याच्या भट्टीतील तापमानही बेताचे ठेवावे लागते.

कायदेशीर बाबी

वाहनाच्या नोंदणीपुस्तकात रंगाचा उल्लेख असतो. जुन्याच रंगात पुनर्रंगकाम केल्यास प्रश्न नसतो, परंतु रंग बदलल्यास तशी नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. या जिल्ह्यात एमएच-१६ मालिकेसाठी अहमदनगर आणि एमएच-१७ मालिकेसाठी श्रीरामपूर येथे कार्यालय आहे. व्हिंटेज वाहनाच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर नूतनीकरणाचे ५,००० रुपये आहे. नव्या नोंदणीत राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते.

रंगाऱ्याचे आरोग्य

बिलात सहसा न दिसणारा एक खर्च रंगारी सोसतो. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा सूक्ष्म फवारा श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प प्रमाणही झटका येण्यास पुरते. अनेक कारागिरांना यामुळे हा व्यवसायच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धूळमास्क याविरुद्ध निरुपयोगी आहे. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचणारा बूथ हेच खरे संरक्षण होय. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिशाचे क्षार असण्याची शक्यता असते, म्हणून ते कोरडे न घासता पाण्याने घासणे इष्ट. भारतात २०१६ च्या नियमांनी शिशाची ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा घातली, ती घरगुती व सजावटीच्या रंगांना. मोटारीच्या रंगांचा त्यात समावेश नाही. स्वस्त आणि महाग अंदाजपत्रकांतील फरक कित्येकदा याच सोयींचा असतो, हे गाडीमालकाने ध्यानात घ्यावयास हवे.

मूळ रंग राखावा की नाही

गाडीच्या आयुष्यात मूळ रंग एकदाच मिळतो. फिवाच्या तुरीन सनदेत नूतनीकरणापेक्षा जतनाला प्राधान्य दिले आहे. या सनदेमागे वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेची प्रेरणा आहे. फिकट झालेला, कडेला झिजलेला पण कारखान्यातून आलेला रंग आज संग्राहकांच्या बाजारात दोष न मानता पुरावा मानला जातो. त्यामुळे लाखो रुपये खर्चून केलेल्या रंगकामाने गाडीची किंमत घटल्याचेही घडते.

हे तत्त्व सरसकट लावता येत नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात आजही लोकांसमोर येते. समारंभात वावरणाऱ्या अशा वाहनाचे रूप नीटस राखणे हाही परंपरेचाच भाग असतो. जेथे पत्रा उघडा पडून गंजू लागला आहे, तेथे मूळ रंगाचा हट्ट गाडीच्या जिवावर बेततो. मधला मार्ग म्हणून केवळ बिघडलेल्या भागाला रंग देतात आणि उरलेला थर सौम्य पॉलिश व मेण लावून टिकवतात. संपूर्ण रंगकाम अटळच असल्यास डिकीच्या झाकणाखाली किंवा डॅशबोर्डमागे तळहाताएवढा मूळ थर न खरवडता सोडतात, त्याचा रंगक्रमांक नोंदवतात आणि उघड्या पत्र्याची छायाचित्रे गाडीच्या कागदपत्रांत ठेवतात. पुढील खरेदीदाराला पुट्टीखाली काय आहे हे दाखवणारा तेवढाच आधार उरतो.